वाकुल्यांचे डॉक्टर

आमचे डॉक्टर मुलांना तपासण्याआधी वाकुल्या दाखवत. नुसत्या दाखवत नसत, परत मागतही. चिंचवडच्या त्यांच्या दवाखान्यात बाकावर पाच-सात पोरं जीभ काढून, नाक मुरडून बसलेली असत. नवखे आईबाप मग बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून येत.

मी नऊ वर्षांची होते. डाव्या भुवईच्या टोकाला बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण वाढत होती. आकुर्डीच्या शाळेत सगळे मला 'बोरी' म्हणत. वडील शिफ्टला गेलेले, म्हणून आईबरोबर भोसरीची आत्या आली. तिला एकच घोर. "डॉक्टर, पोरीच्या तोंडावर वण ऱ्हाईल का? लगीन कसं व्हायचं हिचं?"

"आत्याबाई, जरा रागवा माझ्यावर."

"आँ? येड लागलंय का तुमास्नी?"

आत्या खरंच रागावली. डॉक्टरांनी लगेच तिच्या आठीवर बोट ठेवलं. "बघा, कातडीला अशा घड्या असतात. घडीच्या रेषेत कापलं की वण दिसत नाही. पोरांच्या घड्या शोधायच्या, तर वाकुल्याच हव्यात!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी गाठ साधी आहे. कुणीही काढेल. मागे काही न ठेवता काढायची, त्यात मजा."

टेबलावर मात्र फजिती झाली. भूल फक्त भुवईपुरती, मी टक्क जागी. तोंडाला फडकं बांधून डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "आता हसायचं नाही." झालं! मला हसू आवरेना. मला बघून नर्सबाईंनाही.

डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली. "हस पोटभर. मला घाई नाही."

हसता हसता मी रडायलाच लागले. किती घाबरले होते ते मला तेव्हा कळलं. डॉक्टर माझा हात धरून उभे राहिले. मी शांत झाल्यावरच त्यांनी सुरी उचलली आणि मग शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही. भुवईचा एक केसही भादरला नाही. बारीक दोऱ्याचे चार टाके, तेही पाचव्या दिवशी निघाले.

दवाखाना बंद करून ते मुलीकडे नागपूरला निघालेत हे कळलं, तेव्हा मी कॉलेजात होते. भेटायला गेले. खोकी बांधणं चाललं होतं.

"कोण गं तू?"

मी सगळी हकीगत सांगितली. त्यांनी मला खिडकीशी नेलं, चष्मा पुसून लावला, दोन्ही भुवया चाचपल्या.

"कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडे."

पुन्हा चाचपलं. मग खोक्यावर बसकण मारून खुशीत म्हणाले, "काहीच सापडत नाही गं. मी तुला ओळखणार तरी कसा?"