निमकरांनी निवडलेलं झाकण

नाव : पद्माकर गोविंद निमकर. वय : एक्कावन्न. मूळ पत्ता चिंचवड. हल्लीचा पत्ता तोआ पायोह, सिंगापूर, सातवा मजला, भाड्याने. हुद्दा : वरिष्ठ व्यवस्थापक, दृष्टिसाधन संरक्षण विभाग (विभागातील एकूण कर्मचारी : एक). आहार : शाकाहारी, अंडे वर्ज्य. शस्त्र हाताळण्याचा अनुभव : निरंक. शिकार पाहिल्याचा अनुभव : निरंक. अवलंबित : पत्नी एक, मुलगी एक. नोकरीच्या पासची मुदत : सप्टेंबरअखेर. सदर व्यक्ती शिकारी रायफलीच्या दुर्बिणीस कोणते झाकण बसवावे याबाबत अंतिम निर्णय देण्यास सक्षम असल्याचे याद्वारे प्रमाणित करण्यात येत आहे.

खाली सही होती सुबोध कारखानीसची. सुबोध हा निमकरांचा साहेब. सोळा वर्षांपूर्वी भोसरीच्या कारखान्यात तो त्यांच्याच हाताखाली ट्रेनी म्हणून लागला होता. तेव्हा तो त्यांना सर म्हणायचा आणि ते त्याला प्रश्न विचारू द्यायचे नाहीत. "आधी तक्ता पूर्ण कर, मग तोंड उघड," हे निमकरांचं त्या काळातलं अध्यापन. पुढे सुबोध सिंगापूरला आला, नागरिक झाला, वर चढला आणि भोसरीचा कारखाना बंद पडल्यावर त्यानेच निमकरांना बोलावून घेतलं. आल्या दिवशी सगळ्या ऑफिसदेखत त्याने त्यांना 'काका' अशी हाक मारली. दोघांच्या वयात अंतर नऊ वर्षांचं. पुढच्या सोमवारपर्यंत रिसेप्शनवरची मेलिंडाही त्यांना काका म्हणू लागली. ते आडनाव असावं अशी तिची समजूत होती, आणि ती दूर करण्याची तसदी कुणी घेतली नाही.

कंपनी पाया लेबारला, नवव्या मजल्यावर. चीनमध्ये बनलेला माल ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पाठवायचा, हा धंदा. तंबू, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या आणि त्या वर्षीपासून रायफलीवरच्या दुर्बिणीची झाकणं. क्राइस्टचर्चच्या एका व्यापाऱ्याला आपल्या दुकानाच्या नावाचं एकच झाकण हवं होतं, नग आठ हजार. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे लाल हरणांच्या मागे डोंगरात तासन्‌तास पोटावर सरपटणारी माणसं. पाऊस, धूळ, धुकं यांपासून भिंग वाचवायचं, आणि हरीण दिसलं की झाकण क्षणात दूर व्हायला हवं. चार नमुने आले होते. त्यातला एक निवडायचा.

त्या निवडीवर काय अवलंबून होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी गार्गी ओ लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला होती. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पास संपणार सप्टेंबरअखेर. बापाच्या पासवर राहणाऱ्या मुलीचा पास बापाच्या पासबरोबरच संपतो. पास वाढला तर गार्गी परीक्षेला बसणार, नाहीतर दहा वर्षं शिकून परीक्षेच्या तोंडावर चिंचवडला परत. पत्नी सुरेखाबाई हे कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. सुबोध मात्र बोलला. मार्चमध्ये तो स्वतः क्राइस्टचर्चला जाऊन आला होता. परतल्यावर त्याने निमकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हे काम नीट पार पडलं की अर्ज तो स्वतःच्या हाताने भरेल. काम पूर्णपणे काकांचं. कुणी मध्ये बोलणार नाही.

आणि खरोखरच कुणी बोललं नाही.

निमकर कामाला लागले. सिंगापुरात रायफल बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. नुसती दुर्बीण आणायची म्हटली तरी कागदपत्रांची रांग लागली असती. म्हणून त्यांनी घराखालच्या एका वर्कशॉपमधून दुर्बिणीच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी करून घेतली. एक तोंड रुंद, एक अरुंद. भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर असला तरी झाकण बसतं ते बाहेरच्या कडेवर, आणि ती कड सात-आठ मिलिमीटर मोठी असते. इथे भलेभले फसतात. निमकर फसले नाहीत. हे त्यांनी त्या दिवशी जेवताना दोनदा सांगितलं.

त्यांनी अकरा रकान्यांचा तक्ता केला. पकड, धूळ, पाणी, ऊन, थंडी, वजन, उघडण्याचा वेग, टिकाऊपणा आणि असेच आणखी तीन. एकेक झाकण लावून नळीवर टाल्कम पावडर उधळली. शॉवरखाली वीस-वीस मिनिटं धरली. बाल्कनीत तीन आठवडे उन्हात ठेवली. न्यूझीलंडच्या डोंगरात बर्फ असतं हे लक्षात घेऊन फ्रीजरमध्ये ठेवली, मटारच्या पिशवीशेजारी. नळी काढल्याशिवाय मटार निघेना, त्यामुळे एप्रिलभर मटाराची उसळ झाली नाही. पण पहिला नमुना तिथेच बाद झाला. रबरी पट्ट्याने जोडलेली ती दोन झाकणं थंडीत कडक होत आणि ओढून काढावी लागत. दुसरा नमुना म्हणजे मोज्यासारखा जाड कापडी गलेफ. मऊ, हलका, पण पाणी शोषणारा आणि काढायला दोन हात लागणारा. बाद. तिसरं झाकण पारदर्शक. त्यातून सगळं जग धुरकट पिवळं दिसे. चौथं बिजागरीचं. अंगठ्याने खटका दाबला की स्प्रिंग झाकण उडवून उभं करी. एका सेकंदाच्या आत. पाणी नाही, धूळ नाही, थंडीचा परिणाम नाही.

टिकाऊपणाच्या रकान्यासाठी ते पाच हजार वेळा उघडून पाहायचं होतं. निमकर रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून उघडत आणि मिटत, उघडत आणि मिटत. गार्गी समोर फिजिक्स करत बसलेली. आपण शाकाहारी ना, मग हे कसं, असं तिने एकदा वाक्यागणिक 'लाह' लावणाऱ्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. निमकर म्हणाले, आपण मारत नाही, आपण फक्त धूळ बसू देत नाही. "सेम थिंग लाह, बाबा," म्हणून तिने कानात इअरफोन घातले.

सुरेखाबाईंकडे इअरफोन नव्हते.

"अहो, ते टकटक बंद करा. डोक्यात जातंय."

"तुझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या चालतात का?"

"कुकर घेऊन मी कुणाच्या मागावर जात नाही."

निमकरांनी त्यावर सांगितलं की तिच्या बी. कॉम.मध्ये ऑप्टिक्स हा विषय नव्हता, तेव्हा तिने यात पडू नये. सुरेखाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. निमकरांनी चार हजार तीनशे एकपासून पुढे मोजायला सुरुवात केली.

मे महिन्यात त्यांनी निर्णय दिला : चौथा नमुना. अहवाल चाळीस पानांचा. सुबोधने तो उभ्या-उभ्या चाळला, शेवटच्या पानावर निमकरांची एकट्याची सही घेतली आणि ऑफिसला केक मागवला. केकमध्ये अंडं होतं. निमकरांनी टाळ्या वाजवल्या.

माल जुलैत पोचला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात क्राइस्टचर्चहून एक व्हिडिओ आला, चौदा सेकंदांचा. सुबोधने तो मीटिंगमध्ये भिंतीवर लावला. पहाटेचा डोंगर, पांढरं गवत, दूर एक हरीण मान खाली घालून चरतंय. इतकी शांतता की आधी सगळ्यांना वाटलं आवाज बंद आहे. मग 'टक्'. हरणाने मान वर केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त गवत होतं. त्यानंतर एका माणसाने एक शब्द उच्चारला, जो भाषांतराविना कळत होता.

अकरा रकान्यांत आवाजाचा रकाना नव्हता. भोसरीच्या धडधडत्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं, मग पाया लेबारच्या एसीखाली, मग तोआ पायोहला, जिथे खिडकीखालून रस्ता अखंड घरघरत असतो. गवत हललेलं ऐकू येईल अशा जागी निमकर आयुष्यात कधी उभेच राहिले नव्हते. ज्या एका व्यक्तीला आवाज ऐकू आला होता, तिला त्यांनी बी. कॉम. म्हणून गप्प केलं होतं.

सुबोधने व्हिडिओ आणखी दोनदा दाखवला. "आमच्या काकांनी हरणांना आगाऊ नोटीस बजावली," तो म्हणाला. "कायद्याने चालणारा माणूस."

सगळे हसले. निमकरही थोडे हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

नमुन्यांचं खोकं कुणीतरी उघडलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक झाकण आलं. निमकर पॅन्ट्रीकडे निघाले की डावीकडून टक्. प्रिंटरशी थांबले की मागून टक्. मेलिंडाने मन लावून ते शिकून घेतलं. सकाळी "गुड मॉर्निंग, काका" आणि टक्. यात दुष्टपणा फार नव्हता. ऑफिसला कंटाळा आलेला होता आणि खेळणं फुकट मिळालं होतं. निमकर टाचा न टेकता चालू लागले. त्याचाही उपयोग झाला नाही.

दहा दिवसांनी, ग्राहकाला माफीचं पत्र लिहायला म्हणून त्यांनी कंपनीच्या सामायिक फोल्डरमधून जुने कागद काढले. त्यात सुबोधच्या मार्चमधल्या दौऱ्याचं टिपण होतं. सहा मुद्दे. चौथा असा : झाकण उघडताना आवाज अजिबात नको, हरणाला शंभर पावलांवरून ऐकू जातं, ग्राहकाने तीनदा बजावलं आहे.

निमकर कागद घेऊन सुबोधच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं.

"तुला माहीत होतं."

सुबोधने कागद पाहिला. नाकारलं नाही. "फोल्डर सगळ्यांना खुला आहे, काका."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. क्राइस्टचर्चला काय बोलणं झालं, एवढं एक वाक्य. मी मार्चपासून वाट पाहत होतो. तुम्ही मला विचारणार नाही याची खात्री होती, तरी पाहत होतो."

निमकर उभेच होते. सुबोधने त्यांना खुर्ची दाखवली आणि समजावणीच्या सुरात पुढचं सांगितलं. हेड ऑफिसने फेब्रुवारीतच एक नाव मागितलं होतं. एक जागा कमी करायची होती. नीट काम करणाऱ्या माणसाला काढायचं तर कारणं द्यावी लागतात, पत्रं लिहावी लागतात, झोप लागत नाही. "तुम्ही तक्ता पूर्ण केलात," तो म्हणाला, "मग मी तोंड उघडलं."

खाली पाया लेबारच्या चौकात सिग्नल बदलला आणि दुपारच्या जेवणाला निघालेली माणसं रस्ता ओलांडू लागली. निमकरांनी ती सगळी ओलांडेपर्यंत पाहिली. मग ते बसले आणि नऊ वर्षांनी लहान असलेल्या माणसाला म्हणाले, "सर, नोव्हेंबरपर्यंत तरी. गार्गीचे पेपर होईपर्यंत. पगार नको."

"सर नका म्हणू हो, मलाच कसंतरी होतं." सुबोध खरंच ओशाळला होता. "पगाराशिवाय पास चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि ती नळी तेवढी परत आणा. कंपनीची आहे."

त्या संध्याकाळी घरी सांगताना निमकरांनी टिपणाचं सांगितलं, हेड ऑफिसचं सांगितलं, 'सर' म्हटल्याचं गाळलं. सुरेखाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी हातातली पोळी पूर्ण केली, तव्यावर टाकली. "आवाज मलाही आला होता," एवढंच म्हणाल्या आणि पुढची पोळी घेतली. गार्गीने इअरफोन काढून सगळं ऐकलं. मग ती केमिस्ट्रीच्या धड्याकडे वळली. धडा अर्धा झाला होता, तो तिने पूर्ण केला, खाली उत्तरं तपासली, दोन चुकली होती ती दुरुस्त केली.

"ते कशाला आता?" निमकर म्हणाले.

"डोन्ट टॉक टू मी," गार्गी म्हणाली. त्या घरात ती वाक्याच्या शेवटी 'लाह' विसरली, असं ते पहिल्यांदाच झालं.

कंपनीचं पत्र एकोणतीस ऑगस्टला आलं. सदर उत्पादन शिकारीच्या प्रयोजनार्थ पूर्णतः निरुपयोगी ठरले असून त्याची निवड श्री. प. गो. निमकर यांच्या एकट्याच्या निर्णयानुसार झाली होती. सबब त्यांची नियुक्ती मुदतीअंती संपुष्टात येत असून पासच्या नूतनीकरणाचा अर्ज केला जाणार नाही. कंपनी त्यांच्या प्रदीर्घ सेवेची कृतज्ञतापूर्वक नोंद घेते. अ‍ॅल्युमिनियमची नळी, नग एक, जमा झाली.

ऑक्टोबरात ती आठही हजार झाकणं ऑस्ट्रेलियातल्या नेमबाजी क्लबांनी उचलली. तिथे लोक कागदावर नेम धरतात आणि कानांवर आवाज अडवणारे मफ लावून बसतात.