ताईबरोबर पुन्हा तळघरात

फोन शेजारच्या काकूंकडे आला. सकाळची वेळ होती, मी अंगणात धुणं वाळत घालत होते. काकू दारात येऊन नुसतं "नंदा" म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं. पुण्याहून अप्पा बोलत होते. दवाखान्यात जास्त माणसं थांबू देत नव्हते म्हणून अप्पा आणि दाजी असे दोघंच ताईबरोबर गेले होते. "ऑपरेशन झालं गं... पण ती शुद्धीवर आलीच नाही," एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला कसं सांगू?" आमच्या क्वार्टरमध्ये आई भाकरी थापत होती. तो आवाज काकूंच्या घरापर्यंत ऐकू येत होता...

माझी थोरली बहीण सुजाता जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला आलेली माणसं ती किती समजूतदार होती, किती सोशिक होती, हे सांगून जातात. ते खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर जी ताई येते ती संगणकाच्या हिरवट पडद्यापुढं मांडी घालून बसलेली, ओठ दाताखाली धरलेली आणि एका राक्षसाला मनापासून शिव्या देणारी.

लहानपणी ताईला एकदा मोठा ताप आला होता, सांधे सुजले होते. त्यातून ती उठली, पण पुढं लंगडी, खो-खो, काहीही खेळायला लागली की चार पावलांत तिला धाप लागायची. नाजूक आहे, असं सगळे म्हणायचे आणि तिला कडेला बसवायचे. अप्पा भिंगारला लष्कराच्या ऑफिसात कारकून. ताई बी.कॉम. झाली आणि बाजारात कापडाच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं शिकवायला लागली. एका साहेबांच्या मुलानं क्लासच्या मशीनवर फ्लॉप्यांमधून एक खेळ चढवून दिला होता. वडिलांची बदली झाली, मुलगा गेला, खेळ राहिला. दुपारी क्लास रिकामा असायचा तेव्हा ताई तो खेळू लागली आणि मी कॉलेजातून परस्पर तिकडंच जाऊ लागले.

खेळ साधाच होता. सहा सोबती निवडायचे, त्यांना नावं द्यायची आणि एका जुन्या किल्ल्याच्या तळघरात उतरायचं. चित्रं म्हणजे नुसत्या रेघा. खरी गंमत लढाईची. तिघं पुढच्या रांगेत, तिघं मागच्या. तलवार पुढच्यांनीच चालवायची, मागच्यांनी मंत्र टाकायचे, जखमा भरायच्या. समोर भुतं उभी राहिली की प्रत्येकाला एकेक हुकूम द्यायचा... वार कर, ढाल धर, मंत्र म्हण, पळ. सगळ्यांचे हुकूम देऊन झाले की बटण दाबायचं. त्यानंतर आपल्या हातात काही नाही. कोण आधी वार करणार, कुणाचा नेम चुकणार, हे मशीन ठरवणार आणि आपण एकेक ओळ वाचत बसायचं. बोटं किती चपळ आहेत याला तिथं किंमत नव्हती. डोकं चालवायचं आणि धीर धरायचा. ताईला आयुष्यात पहिल्यांदाच असं मैदान मिळालं होतं की जिथं तिला कुणी कडेला बसवत नव्हतं.

तिनं पुढच्या रांगेत आईला उभं केलं. हातात सगळ्यात मोठी तलवार. अप्पांना मागं, जखमा भरायला.

"अगं, आईला पुढं?" मी म्हटलं.

"मग? आपल्या घरात भांडतं कोण?"

मलाही तिनं मागंच ठेवलं होतं. मी कुरकूर केली तर म्हणाली, "पुढच्याला मार बसतो. तू गप मागं राहा." स्वतः मात्र आईच्या शेजारी पुढं उभी राहिली. तळघराच्या शेवटच्या मजल्यावर एक लोखंडी दार होतं आणि दारापाशी एक राक्षस. त्या दाराशी आम्ही कितीदा गेलो असू आणि कितीदा मेलो असू! ताई दर वेळी नवी युक्ती काढायची. आधी मंत्र, मग तलवार... आधी सगळ्यांनी ढाली धरायच्या, तो दमला की वार... दार काही उघडलं नाही.

मग ताईचं लग्न ठरलं. दाजी साखर कारखान्यात नोकरीला, घर पुणतांब्याला. क्लासमध्ये नवी मशीनं आली तेव्हा सरांनी ते जुनं मशीन ताईला लग्नाची भेट म्हणून दिलं. "तिथं लाईट कुठं टिकते," म्हणून तिनं ते आमच्याकडेच ठेवलं. सणावाराला यायची, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. मशीनवरचं फडकंसुद्धा निघायचं नाही.

मागच्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात श्वास घेता येईना, पाय सुजले. नगरला आणेपर्यंत मूल गेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. लहानपणच्या त्या तापानं हृदयाची झडप खराब केली होती. पुण्याला जाऊन ती बदलावी लागेल, उशीर झालाय, खात्री देता येत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ताई विश्रांतीला भिंगारला आली.

एका दुपारी ती म्हणाली, "नंदे, ते मशीन चालू होतंय का बघ."

चालू झालं. सगळे होते तसेच होते. आई पुढं, अप्पा मागं. इतक्या वर्षांनी त्या रेघा बघून आम्हांला हसू आलं. एवढ्याशा चित्रांना आपण घाबरायचो! पण पहिली झटापट झाली आणि पुन्हा तेच... हुकूम दिले, बटण दाबलं आणि दोघींनी श्वास रोखला. उशीला टेकून ताई सांगायची, मी बटणं दाबायची. रोज थोडं थोडं करत आम्ही त्या दाराशी पोचलो.

ताई बराच वेळ पडद्याकडं बघत होती. मग म्हणाली, "आपण पळायचा हुकूम कधी दिलाच नाही गं."

"दार नको का उघडायला?"

"नको. या खेपेला सगळ्यांना घरी नेऊ."

मी सहाही जणांना पळायला सांगितलं. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. वाट सापडली नाही. आई पडली. ताई पडली. पुन्हा पळायला सांगितलं, पुन्हा वाट सापडली नाही. अप्पा पडले. मागच्या रांगेतली मी सगळ्यांत शेवटी उरले... आणि मग मीही पडले. ताई हसली. नेहमीसारखी शिवी नाही दिली. "बंद कर आता," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मी पुन्हा खेळूया म्हटलं तर मानेनंच नको म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तिला पुण्याला नेलं.

परवा मी आणि आई पुणतांब्याला गेलो. ताईच्या सासूबाई आईसमोर बसेनात. सारख्या काहीतरी काम काढून उठत होत्या. त्या हंडा घेऊन पाण्याला निघाल्या तेव्हा मी बरोबर गेले. हातपंप घरापासून बराच लांब. परतताना अर्ध्या वाटेवर लिंबाखाली एक मोठा दगड आहे. तिथं त्यांनी हंडा उतरवला.

"हितं बसायची," त्या म्हणाल्या. "रोज. पानी घिऊन आली का हितं बसायची. आमी घरातनं हाका मारायचो. म्हनायचो, लई निवांत हाय पोर. तिनं कदी सांगितलंच न्हाई, दम लागतोय म्हनून... आन आमी बी कदी इचारलं न्हाई."

एवढं बोलून त्या दगडावर बसल्या. हंड्यातलं पाणी हिंदकळून शांत झालं. घरातून दाजींनी हाक मारली, मग पुन्हा एकदा मारली. सासूबाईंनी ओ दिली नाही. तशाच बसून राहिल्या.