प्लॅटिनम भाऊजींच्या दोन जागा

आमच्या भाऊजींना घरात सगळे प्लॅटिनम म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. पण त्यांना कळलं असतं तरी ते रागावले नसते, उलट छाती फुगवून बसले असते. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. औषधाच्या बाटल्यांवर लेबल चिकटवणारी मशीन्स दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कुठल्याशा कारखान्यात लेबलं तिरकी बसायला लागली की कंपनी यांना विमानात बसवते. हे जातात, रोलर पुसतात, पट्टा ताणतात आणि परत येतात. कामात माणूस चोख आहे, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मला बोलायचंय ते विमानाबद्दल.

वर्षानुवर्षं असं उडून उडून त्यांना विमान कंपनीने आधी सिल्व्हर कार्ड दिलं, मग गोल्ड आणि शेवटी प्लॅटिनम. तिन्ही कार्डं प्लास्टिकचीच, पण हे त्यांना कोण सांगणार? शेवटच्या पायरीला त्या वर्षी थोडासा प्रवास कमी पडत होता. भाऊजींनी रजा टाकली, पदरमोड करून तिकीट काढलं, एका परक्या शहरात उतरले, गेटाजवळच्या खुर्चीवर बसून चहा प्यायले आणि त्याच विमानाने परत आले.

"मग पाहिलंत काय त्या शहरात?" मी विचारलं.

"खुर्च्या चांगल्या आहेत," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे.

त्या कार्डाचे फायदे ते आल्यागेल्याला ऐकवत. विमानात आधी सोडतात, बॅग आधी येते, विमानतळावरच्या खास लाउंजमध्ये सूप मिळतं. पण सगळ्यांत मोठा फायदा सांगताना त्यांचा आवाज खाली येई. उडून उडून जमलेल्या पॉइंटांवर फुकट मिळणाऱ्या ज्या जागा असतात ना, त्या म्हणे दर्जा जितका वर तितक्या जास्त उघडतात. "तुम्हा लोकांना दिसत नाहीत, त्या आम्हाला दिसतात." तुम्हा लोकांत माझी बहीणही आली, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

मग माझ्या भाचीला दिवस गेले. ती समुद्रापलीकडे राहते. नवरा इस्पितळात पाळ्या करतो, सासू हयात नाही, शेजारीपाजारी नमस्कारापुरते. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी फार हलायचं नाही म्हणून बजावलेलं. एका दुपारी ती फोनवर रडली. "आई, मला भीती वाटते गं. त्या वेळी तू समोर हवीस." ताईने त्याच दुपारी बॅग भरायला घेतली.

"तिकीट काढून टाका," तिने भाऊजींना सांगितलं.

"विकत?" भाऊजींना जणू कुणी शिवी दिली. "मग एवढे पॉइंट जमवले ते काय उशाला घेऊन झोपायला? तुला पुढच्या भागात नेतो. पाय लांब करून झोपत जायचं. दोघं शेजारी शेजारी. तू बघच."

ताई बघत बसली. रोज सकाळी भाऊजी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडत, चष्मा नाकावर ओढत आणि टिचक्या मारत: प्रवासी दोन, पुढचा भाग. लॅपटॉप म्हणे, उपलब्ध नाही. भाऊजी म्हणत, उद्या सोडतील. शिवाय पुढच्या जेवढ्या म्हणून तारखा होत्या, त्या सगळ्यांच्या प्रतीक्षा यादीत त्यांनी दोघांची नावं लावून ठेवली होती. भाचीला सातवा संपून आठवा लागला. ताईची बॅग पॅसेजमध्ये उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा अंगठा तिच्यावर आपटत होता.

प्लॅटिनमवाल्यांना वेगळा फोन नंबर असतो. पहिल्या घंटीला उचलतात. नाव घेऊन नमस्कार करतात, इतकी वर्षं आमच्यासोबत राहिलात म्हणून आभार मानतात आणि मग जागा नाही म्हणून सांगतात. हे ऐकून भाऊजी खुलायचे. "बघितलंस? किती अदबीने बोलतात!"

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नंबर लावणं हेच माझं काम, त्यामुळे मला राहवेना. "भाऊजी, आमच्याकडे मी तुमचा नंबर अगदी पहिला लावीन हो. पण डॉक्टरच आले नसतील तर दात कोण काढणार?"

"विमानाचं तसं नसतं," ते हसून म्हणाले.

शेवटी ताईने स्वतःच फोन केला. भाऊजी तेव्हा कुठल्याशा कारखान्याहून परत यायला निघाले होते. ताईकडे खास नंबर नव्हता, तिने आपला सगळ्यांचा लावला. मी समोरच बसले होते. फोनमध्ये एकच बासरी पुन्हा पुन्हा वाजत राहिली, तोवर ताईने स्पीकर लावून ठेवून दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या. मग एक मुलगी बोलायला लागली. ताईने भाऊजींचा सभासद क्रमांक सांगितला.

"किती जण, मॅडम?"

"मी एकटीच."

"मग आहे की! अगदी या आठवड्यातली. मागच्या भागात एक जागा आहे."

ताई फोनवर वाकली. "अहो पण आमचे हे रोज बघतात. नाही म्हणतं."

"ते दोन मागत असतील. एक असली आणि दोन मागितल्या, तर काहीच नाही असं दाखवतं. आणि पुढच्या भागात कंपनीने जागाच सोडलेल्या नाहीत. मग कार्ड कुठलंही असू दे."

"मग प्लॅटिनमचा काहीच उपयोग नाही?" हे मी मध्येच विचारलं, मला मोह आवरला नाही.

"आहे ना. ही मागची जागा त्यामुळेच उघडलीय. साध्या सभासदाला दिसली नसती."

म्हणजे भाऊजी खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कार्डाने दार उघडून ठेवलं होतं, फक्त ते दार मागचं होतं आणि मागे वळून बघणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं.

तिकिटासाठी भाऊजींच्या मोबाइलवर खात्री करायचे आकडे आले. ताईने त्यांना फोन लावला. ते लाउंजमध्ये होते, चमच्यांचा आवाज येत होता.

"अहो, आत्ता मेसेज आलाय त्यातले आकडे सांगा."

सगळं ऐकून भाऊजी कळवळले. "एकटी? शेवटच्या रांगेत? अगं, ती संडासाला लागून असते! थोडं थांब, दोन मिळतील."

"बाळ थांबणार आहे का?"

चमच्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग भाऊजींनी आकडे सांगितले, हळू आवाजात, शेजारच्या सूपवाल्यांना ऐकू जाऊ नये असे.

ताई वेळेत पोचली. भाचीला कळा सुरू झाल्या तेव्हा ती तिचा हात धरून उभी होती. मुलगी झाली. फोटोत ताईचे डोळे सुजलेले होते आणि इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

काही दिवसांनी मी भाऊजींकडे डबा घेऊन गेले तर हे टेबलाशीच. प्रवासी दोन, पुढचा भाग.

"आता दोन कशाला? ताई तिकडे आहे!"

"कुणीतरी सोबत असलेलं बरं," ते पुटपुटले. "तू येतेस का?"

मला खरंच चीड आली. सोबत कसली? यांना पाय लांब केलेले बघायला कुणीतरी शेजारी हवं होतं. नातीचं तोंड बघायचं राहिलं आणि हे प्रेक्षक शोधत होते. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, प्रवासी एक केला, सगळं विमान निवडलं. जागा निघाली. शेवटची रांग. "आकडे सांगा," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्याने सांगितले.

प्लॅटिनम असल्यामुळे विमानात त्यांना सगळ्यांच्या आधी सोडलं. मग सगळं विमान भरेपर्यंत ते संडासाशेजारी बसून होते.

ते पोचले त्या दिवशी ताईने मला व्हिडिओ कॉल लावला. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले होते, भाचीने नात त्यांच्या हातात दिली होती. तिने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. भाऊजी हलायलाही तयार नव्हते. मी मनातल्या मनात त्यांचे सगळे गुन्हे माफ करून टाकले.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर विमान कंपनीचा मेसेज वाजला. भाऊजींनी बोट सोडवून घेतलं, बाळ ताईकडे दिलं आणि चष्मा नाकावर ओढला.

"मिळाल्या!" ते ओरडले. "पुढच्या भागात! दोन! शेजारी शेजारी! परवाच्या!"

"कुठल्या?" ताईने विचारलं.

"इकडे यायच्या!"

ओरडण्याने बाळ दचकून रडायला लागलं होतं. ताई त्याला थोपटत म्हणाली, "आपण दोघं इथेच आहोत हो."

"ते झालंच गं," भाऊजी फोन माझ्यापुढे नाचवत म्हणाले. "पण मिळाल्या की नाही?"