सिस्टरचे डबे

सिस्टर कुणाच्याही घरात पुढच्या दाराने शिरत नसे. वाडीत पोचली की खळं ओलांडून, घराला वळसा घालून ती थेट मागीलदारी जायची. तिथे कुणी भांडी घासत असे, कुणी मासे साफ करत असे. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर फिरले, तेव्हा मात्र रीतसर पुढच्या पडवीत जाऊन बसले. घरातल्या काकांनी माझं नाव, गाव, शिक्षण, लग्नाचं काय, सगळं विचारून घेतलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. तेवढ्या वेळात सिस्टरने मागे तीन बायकांचं बीपी मोजलं होतं आणि पट्टा बांधण्यासाठी बाही वर सारताना एकीच्या दंडावरचे वळही पाहिले होते. परतताना ती म्हणाली, "पुढच्या दारान गेलंस तर पुरुष भेटतत. मागच्या दारान गेलंस तर घर भेटता."

सिस्टर म्हटल्यावर नवख्यांना ती चर्चमधली जोगीण वाटायची. तशी ती नव्हती. मालवणजवळच्या ख्रिस्ती घरातली, लग्न न केलेली, आणि सगळी नोकरी खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर गोव्यातला भाऊ न्यायला आला, तर त्याला जेवायला घालून तिने परत पाठवला. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायचे. आठवडाभर तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अहो करू नको गो. माका ऑफिसात बसल्यासारख्या वाटता." त्यानंतर माझ्या तोंडी ती 'अगं सिस्टर' झाली ती कायमची.

आमची संस्था एवढीशी. मालवणात बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्या. एकीत ऑफिस, दुसरीत दोन खाटा आणि एक गॅस. घरात जिवाला धोका असलेल्या बाईला दोन-चार दिवस टेकायला ती खोली होती. मुंबईच्या एका फाउंडेशनचं अनुदान मिळायचं. विषय होता गावपातळीवरचं आरोग्य आणि स्त्रियांवरील हिंसेला प्रतिबंध. त्यातून खोल्यांचं भाडं, रिक्षा, औषधं आणि आम्हा दोघींचे पगार निघायचे. वाड्या फिरणं सिस्टरचं, कागद माझे. कुडाळहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेली मी, इंग्रजी बरं, अक्षर बरं, आणि त्याचा थोडा तोराही होता. तो पुढे उतरला, पण कुणाच्या तरी जिवावर उतरला.

अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना सिस्टर दर महिन्याला नाचणीचं पीठ द्यायची, स्टीलच्या छोट्या डब्यात. डबा संपला की बाई तो परत करायची, कधी स्वतः, कधी मालवणच्या बाजाराला येणाऱ्या शेजारणीबरोबर. आता आमच्याकडे कुणी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाही. घरात काही नसलं तरी चार आमसुलं, मूठभर तांदूळ, एखादं अंडं त्यात घालूनच ते जातं. एकदा एका बाईचा डबा रिकामा आला. आणणारीला त्यात काही वाटलं नाही. सिस्टर मात्र डबा हातात धरून थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच रिक्षात बसली. त्या बाईला नवऱ्याने दोन दिवस कोंडून घातलं होतं. डबा तिने खिडकीतून शेजारणीला दिला होता.

तेव्हापासून ती खूणच झाली. कुणी ठरवली नाही, कुठे लिहिली नाही. बायकांनी एकमेकींना मागीलदारी सांगितली असेल. वर्षाकाठी तीन-चार डबे रिकामे यायचे आणि सिस्टर जायची. बीपी बघायला आले म्हणायची, आणि बाईला 'मोठ्या दवाखान्यात दाखवूक व्हया' असं सांगून घेऊन यायची. नवरे बघत राहायचे. बायको रिकामं भांडं पाठवते आहे, हे घरातल्या पुरुषाच्या ध्यानात यायची सुतराम शक्यता नव्हती. कोणतं भांडं कुठून आलं नि कुठे गेलं, हे आमच्याकडे पुरुषांना ठाऊकच नसतं.

अनुदानाची मुदत संपत आली तेव्हा फाउंडेशनच्या मॅडम आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. त्यांनी विचारलं, "तुम्हाला या स्त्रिया सापडतात कशा? बाकी ठिकाणी कुणी पुढे येत नाही." सिस्टर म्हणाली, "फिरतंय मी. सापडतत." एवढ्यावर अनुदान वाढवून मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. अर्जात 'ओळखण्याची पद्धत' असा एक मोठा रकाना होता. मी त्यात डब्याची गोष्ट लिहिली. फार सुरेख लिहिली. बायकांची नावं गाळली, गावं बदलली, आणि आपण गुप्तता पाळली असं मला वाटलं. सिस्टरला विचारावं, हे मनातसुद्धा आलं नाही.

अनुदान मिळालं. शिवाय फाउंडेशनने राज्यातल्या चांगल्या कामांची एक मराठी पुस्तिका काढली, तिच्यात आमचं एक अख्खं पान आलं. वर डब्याचं चित्र, खाली मजकूर: रिकामा डबा म्हणजे मदतीची हाक. पुस्तिका यायच्या आधी त्या पानाचा फोटो माझ्या फोनवर आला. आनंदाच्या भरात मी तो आमच्या भागातल्या गावांच्या ग्रुपवर टाकला. सरपंच, मास्तर, बचत गटाच्या बायका, दुकानदार, सगळे त्यात होते. भराभर अंगठे आले.

सिस्टरकडे साधा फोन होता. मी तिला ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून चित्र पाहिलं, मजकूर वाचला, पुन्हा वाचला.

"ह्या कोणी लिवला?"

"मी."

"बरा लिवलंस," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली. मला आधी कौतुकच वाटलं. मग ती दारातून म्हणाली, "आता सगळ्या वाड्यांनी जाऊन डबे बंद म्हणान सांगूक व्हया. पुरुषांच्या आधी."

चार दिवस ती फिरत होती. तोवर स्टँडवर थट्टा सुरूच झाली होती. भाजी घेऊन जाणाऱ्या बाईला एकाने विचारलं होतं, "काय गो, डबो भरलंस काय?" पाचव्या दिवशी धामापूरच्या बाजूच्या एका गावाची पाळी होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, एवढं मी आता शिकले आहे. तिथल्या ज्या बाईबद्दल सांगते आहे, तिला नुसती वहिनी म्हणते.

चौथ्या दिवशी सकाळी वहिनीचा नवरा ऑफिसात आला. चार माणसांत हसून बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. त्याने टेबलावर डबा ठेवला. "सिस्टरचो डबो. घरच्यांनी दिल्यानी." मी झाकण उघडलं. उकडे तांदूळ, काठोकाठ. माझा जीव भांड्यात पडला. चला, वहिनी ठीक आहे. मी डबा फडताळात ठेवला आणि सहामाही अहवाल लिहायला बसले.

सिस्टर साडेचारला आली. घोटभर पाणी पिऊन झाल्यावर मी सांगितलं, वहिनीचा डबा आला, चांगला काठोकाठ भरून.

"कोणी हाडल्यान?"

"तिच्या नवऱ्यानेच आणून दिला."

तिने पेला खाली ठेवला. "बायलमाणूस मूठभर घालता गो," ती म्हणाली. "काठोकाठ कोण भरता?" रिक्षा मिळेपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. मीही धावत जाऊन तिच्याबरोबर बसले. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीवर माणसं जमली होती.

पाणी काढताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि तसंच कागदावर आलं. आमच्याकडे पुरावा म्हणून काय होतं? शिगोशीग भरलेला डबा. तो कुणाला दाखवणार? ग्रुपवर मी टाकलेलं पान नंतर मी पुन्हा उघडून पाहिलं. त्यावर पहिला अंगठा तिच्या नवऱ्याचा होता. डबा अकराला आला होता आणि मी साडेचारला सांगितलं. लगेच सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे मला कधीच कळणार नाही. कळायला नको असंही कधी कधी वाटतं, आणि त्याची लाज वाटते.

मी राजीनामा लिहिला. सिस्टरने तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू गेलंस तर कागद कोण लिवतला? रिक्षा कागदार चलता." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "माकाय दोन दिवस आधी थंय जावक व्हया होता." तिने स्वतःच्या वाट्याचं उचललं. माझ्या वाट्याचं माझ्याकडेच राहू दिलं.

तिने डबे बंद केले. पण बायका पुन्हा येऊ लागल्या. महिना-दोन महिन्यांनी सिस्टर एखादीला घेऊन यायची, कुठल्या तरी वाडीतून, अगदी वेळेवर. म्हणजे नवी खूण बसली होती. एकदा धीर करून मी विचारलं. ती बीपीच्या पट्ट्याची नळी पुसत होती. "तुका सांगूचा नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आईने विळी उंचावर ठेवावी तसं तिने ते माझ्या हातापासून लांब ठेवलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी सिस्टर गेली. आतड्याचं दुखणं होतं. इतरांचं रक्त तपासता तपासता स्वतःचं तपासायचं राहून गेलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी रोज तिच्या उशाशी बसत होते. खोलीचं भाडं भरलं का, रिक्षावाल्याचा नंबर बदलला का, असं ती विचारायची. खुणेबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मला वाटलं, आता काम थांबणार. ते थांबलं नाही. मला फक्त फोन येतो, बहुतेक वेळा अनोळखी नंबरावरून. बाईमाणसाचा आवाज म्हणतो, "खोली उघडी ठेव," आणि तासाभरात रिक्षा दाराशी येते. फाउंडेशनच्या अर्जात तो रकाना अजून आहे. मी तो कोरा ठेवते. मागच्या खेपेला नव्या साहेबांनी फोन करून विचारलं, ओळखण्याची पद्धत लिहायची राहिली का? मी म्हटलं, राहिली नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी अनुदान मिळेल न मिळेल.

गेल्या महिन्यात एक बाई आली. कडेवर एक लेकरू, एक हाताशी, ओठ फुटलेला. मी तिला पाणी दिलं, ओठाला औषध लावलं. आणि मोह आवरला नाही म्हणून विचारलंच, की निरोप कसा पाठवलास गं? तिने मला नीट निरखून पाहिलं.

"तुमीच काय त्या ऑफिसातल्या, लिवणाऱ्या?"

मी हो म्हटलं.

"मगे तुमका सांगूचा नाय," ती म्हणाली. "सिस्टरनी सांगलेला आसा."

मी दाराला आतून कडी घातली आणि पोरांसाठी भात टाकला.