जिब्राल्टरचा मारुती

माझे बाबा पावणे गावात कारखान्याच्या एका लहानशा गाळ्यात डाय, म्हणजे नाणी-पदकं पाडायचे ठसे, कोरायचे. शाळांची पदकं, बिल्ले, देवळांची चांदीची नाणी, जे येईल ते. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटं कोरायचं, म्हणजे धातूवर ते सुलट उमटतं. रविवारी घरी वेगळं काम असे. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. मजकूर बाबांचा, घड्या माझ्या. मी वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच.

बाबांना नाण्यांवरच्या माकडांचं वेड होतं. राजाचा चेहरा कुणीही कोरेल, ते म्हणायचे, राजा गप्प बसून असतो. माकड बसलेलं असलं तरी आता उठेल असं वाटलं पाहिजे. इंटरनेटवरून ते फोटो छापून आणायचे. रवांडाच्या चांदीच्या नाण्यावरचा गोरिला, सोमालीलँडचं माकड, आणि सगळ्यांत लाडकं जिब्राल्टरच्या पाच पेन्सवरचं, बिनशेपटीचं. त्याचा चेहरा त्यांनी माझ्या वह्यांच्या मागच्या पानांवर कितीदा तरी काढला होता. जड भुवया, मिटलेले ओठ, कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा.

चार वर्षांपूर्वी सीवूड्स स्टेशनबाहेर मी पत्रकं वाटत होते. ‘चमत्कारी नाणं’ म्हणून चालणाऱ्या फसवणुकीवरच होतं ते: जुनं नाणं तांदळाचे दाणे ओढतं, पुढे कोटींना जातं, असं सांगून ते लाखांना गळ्यात मारायचं. जासईचे एक म्हातारे काका पत्रक वाचून परत आले. रुमालातून त्यांनी तांब्याचं एक नाणं काढलं. एका बाजूला पर्वत उचललेला मारुती, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचं नाव आणि दोनशे वर्षांपूर्वीचं साल.

“यो तरी खरा हाय ना गो पोरी? तांदूल ओढतो बोलले. जमिनीचा होता नव्हता त्यो पैसा दिला.”

“खोटं आहे, काका. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.”

हे मी पाठ केल्यासारखं बोलले, आणि मग मारुतीच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. जड भुवया. मिटलेले ओठ.

काकांनी रुमालाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “कुनी केला आसल?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“ठेव तुलाच. घरान नको मना.” ते निघून गेले. मी त्यांचा नंबरही घेतला नाही.

घरी आल्यावर नाणं बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी हातही लावला नाही.

“गिऱ्हाईक म्हणालं, शोपीस आहे.”

“आणि तुम्ही विश्वास ठेवलात? त्यावर पत्रक लिहिणारे तुम्ही?”

“नाही ठेवला,” बाबा म्हणाले. “लेझर मशीनवाल्यांनी माझं काम नेलं. तुझी शेवटच्या वर्षाची फी होती. माझ्यावर लिही. गाळ्याच्या पत्त्यासकट लिही.”

आई म्हणाली, “जेवू दे की ग त्यांना.” मी जेवू दिलं नाही. मी त्यांना ढोंगी म्हणाले, दलाल म्हणाले. त्यांचीच पत्रकं त्यांना म्हणून दाखवली. ते भाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं भिंग घेऊन नाण्यावर वाकले. मला एक चूक हवी होती. मुद्दाम सोडलेली एखादी खूण, चुकीचं अक्षर, काहीही; जाणत्या माणसाला कळावं म्हणून बाबांनी ठेवलेलं. तेवढ्यावर मी त्यांना माफ करणार होते. शेपटीचा केस न केस मोजल्यासारखा पाहिला. पर्वतावर झाडं होती, झाडांना पानं होती.

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.

“शोधू नकोस,” ते म्हणाले. “तसं काही नाही त्यात. मनात आलं होतं. पण हातात पोलाद आलं की मला काम वाईट करता येत नाही.”

गाळा त्यांनी त्याच महिन्यात बंद केला. आता ते गॅलरीत बसून असतात. पत्रकाच्या घड्या मी एकटीच घालते आणि त्यांना दाखवत नाही. तेही मागत नाहीत. त्या नाण्यावरचं पत्रक मी तीनदा लिहायला घेतलं. दरवेळी ‘हे नाणं बनवणारा’ इथपर्यंत येते आणि पेन ठेवते. ज्याचं नाव सांगायला हवं होतं, त्याचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही.