नुसतं विचारलं होतं

तुम्ही कधी कोणाला नुसतं "हे कसं करतात?" असं विचारलं आणि त्याने ते करूनच टाकलं, असं झालंय का? केनवडच्या आमच्या भाजीपाला गटाच्या ऑफिसात असे किस्से कोथिंबिरीच्या जुड्यांसारखे साठतात. कॉम्प्युटर मी सांभाळते. प्रोग्राम माझ्या सुनेने, स्नेहलने, लिहिलेला. काळ्या स्क्रीनवर टाइप केलं की उद्या कोणती भाजी आणायची, तो मेसेज सगळ्या शेतकऱ्यांना जातो.

*

सुरुवातीलाच मी अडले. स्नेहलने सांगून ठेवलं होतं, "आई, विसरलं की हेल्प टाइप करा." केलं. प्रोग्रामने आधी कालचाच वांग्यांचा मेसेज सगळ्यांना पुन्हा पाठवला, मग मला माहिती दाखवली. सकाळी ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे वांगी. शेजारची गंगाबाई दारातून म्हणाली, "काकू, गावजेवण हाय का?"

*

मग प्रोग्राम नवा की जुना, हे बघायला मी व्हर्जन विचारलं. त्याने नंबर सांगितला आणि त्या दिवशी आलेल्या भाजीची नोंदवलेली सगळी वजनं पुसून टाकली.

गटाचे अध्यक्ष नामदेवराव मागेच उभे होते. "नाव विचारलं त यानं घरच झाडून टाकलं."

स्नेहल हळूच म्हणाली, "काका, चालू झाला की तो आधी जुनी वजनं पुसून नवा दिवस उघडते. काय विचारलं ते मग वाचते."

"आधी आयकाव, मंग उठाव. एवढं त माहा बैलही जाणते. आता एक जरी खोटा मेसेज गेला, त हा डब्बा बंद. आपला फोनच बरा."

*

स्नेहल जेवण अर्धं टाकून ऑफिसात गेली. शेवटी तिने प्रोग्राम बदलला. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. काही पाठवायचं नाही, काही पुसायचं नाही.

मी म्हटलं, "एवढं मला तुझ्या सासऱ्यांना शिकवता आलं नाही."

तोवर लोकांना मात्र सवय झाली होती. मेसेज गेला की फोन यायचा, "काकू, खरं हाय, का तुमी पुन्हा काही इचारलं?"

*

नामदेवराव स्वतः तपासायला बसले. एका बोटाने हेल्प टाइप केलं आणि आपल्या मोबाइलकडे बघत राहिले. पुन्हा केलं. मग व्हर्जन. मोबाइल वाजला नाही, वजनं जागच्या जागी.

"आता गुमान सांगून राह्यला," ते म्हणाले. "राहू द्या चालू."

स्नेहलने डोळे पुसले आणि लगेच खरा मेसेज पाठवला. होस्टेलच्या मेसला दोडके हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोडके घेऊन एकटे नामदेवराव आले.