बाबूजींची ढोली

आमच्या घरचा कॉम्प्युटर धानाच्या खोलीत होता, हे ऐकून माझ्या ऑफिसातले लोक हसतात. हसू देत. कामठ्याच्या पुढे आमचं गाव, घर मातीचं आणि कौलारू, आणि विजेचा धड म्हणावा असा प्लग त्या एकाच खोलीत. मी कॉलेजात असताना बाबूजींनी गोंदियाहून तो डबा आणला, आणि एका भिंतीला ढोली, दुसऱ्या भिंतीला कॉम्प्युटर असा संसार तिथे मांडला गेला. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांनी विणलेली, माणसाहून उंच अशी टोपली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. वर्षभराचे धान त्यात राहतात.

ढोलीवर राज्य मायचं. एकदा भरली की तोंड तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, झाकायचं, वरून शेणाने लिंपायचं, आणि मग उगाच उघडून बघायचं नाही. उघडायची वेळ आली तर आधी मायला विचारायचं. बाबूजी शेताचे मालक, घराचे मालक, पण ढोलीला हात लावण्याआधी तेही दारातून विचारायचे, "काढू का वो?" माय हो म्हणाली तरच काढायचे. हा कायदा मी लहानपणापासून पाहिला आहे, म्हणून तो इथे आधीच लिहून ठेवते.

बाबूजींना कॉम्प्युटर मी शिकवला. वाईट शिकवला. मला घाई फार, आणि समोरच्याला एकदा सांगितलेलं समजलं नाही की माझा पारा चढतो. दोनदा टिचकी मारणं त्यांना कधी जमलं नाही. पण एखादी गोष्ट धरून, ओढत नेऊन, दुसरीकडे सोडणं त्यांना पहिल्या दिवशीच आलं. बांधावरून पेंढ्या वाहिलेल्या माणसाला त्यात काय अवघड? एका रविवारी मी परत निघायच्या घाईत असताना त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवून विचारलं, "हे टोपलं कायचं आहे? ढोली आहे का?"

मला हसू आलं. बस यायची वेळ झाली होती. मी चपला घालता घालता म्हणाले, "हो, ढोलीच समजा. घाला त्यात काय घालायचं ते."

एवढंच बोलले आणि निघून गेले.

पुढे माझं लग्न झालं, मी गोंदियातच एका कार्यालयात कॉम्प्युटरवर बसू लागले. पहिल्या पगारात एक छोटा कॅमेरा घेतला होता, त्यातले फोटो मी दर खेपेला घरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायची. मायचे त्यात बरेच होते. रोवणीच्या चिखलात वाकलेली, अंगणात काहीतरी घेऊन बसलेली, इटियाडोह धरणाच्या भिंतीवर पदर सांभाळत उभी. ती फोटो काढू देत नसे. "माह्या थोबाडाचा कायले काढून राहिली वो?" म्हणायची आणि तोंड फिरवायची. मग मी तिला बोलण्यात गुंतवून हळूच काढायची. कॅमेरा पुढे बिघडला, त्याचं कार्ड कुठे गेलं देव जाणे. मोबाइल आल्यावर रोजचेच फोटो झाले आणि मायचे काढायचे राहूनच गेले. नेहमी दिसणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतो?

दोन वर्षांमागे श्रावणात, रोवणी आटोपल्यावर, माय तापाने पडली. तीन आठवडे दवाखाना झाला आणि ती गेली. माझ्या मोबाइलमध्ये तिचे जे फोटो होते ते त्या तीन आठवड्यांचे, नाकात नळी असलेले. तेरवीला फ्रेम हवी होती म्हणून घाईघाईने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात माय एखाद्या गुन्ह्यात पकडून आणल्यासारखी दिसते. बाबूजींनी फ्रेमला हार घातला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तुही माय नाही. वर्षीले चांगला लावू. मीच निवडतो."

आणि ते निवडायला बसले. हिवाळाभर रोज दुपारी, जेवण झालं की धानाच्या खोलीत. तोवर तो कॉम्प्युटर पार थकला होता. बटण दाबलं की आतून जात्यावर भरडल्यासारखा आवाज यायचा. बाबूजी बटण दाबून गोठ्यातलं शेण काढायला जायचे, हातपाय धुऊन येईपर्यंत पडदा उजळलेला नसायचा. तरी त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार मला होती. त्यांनी एकटं त्या खोलीत, त्या घरघरणाऱ्या डब्यासमोर तासन् तास बसून राहावं हे मला बघवत नव्हतं, आणि माझं दुःख मला नेहमी रागाच्या वाटेनेच बाहेर काढता येतं. एका शनिवारी मी ठरवलं की याचा निकाल लावायचा. नव्या कॉम्प्युटरला बाबूजी नाही म्हणाले असते, म्हणून जुन्यातच नवीन हार्ड डिस्क बसवायची, ती बिनआवाजाची, झटकन चालू होणारी.

उन्हाळा होता. मी पेचकस घेऊन खोलीत बसले. मायने कधीकाळी जुन्या लुगड्याचं शिवलेलं आवरण मी काढलं, डब्याचं झाकण उघडलं, तर आत धानाचा कोंडा वीतभर. पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, सगळीकडे. मी फुंकर मारली तसा तो माझ्याच डोळ्यांत गेला. बाबूजी दारात उभे होते. म्हणाले, "काही लागलं त इचारजो."

"तुम्हाला काय समजणार आहे यातलं?" मी म्हणाले. ते बाहेर जाऊन खाटेवर बसले.

नवी डिस्क जुनीपेक्षा लहान होती. जुनीतलं सगळं तिच्यात मावायचं तर आधी कचरा काढायला हवा. ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा करते ते केलं. कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली खाली केली. मशीनने विचारलं, हे कायमचं पुसायचं आहे का. मी वाचलंसुद्धा नाही, हो म्हटलं. मग जुनीची नक्कल नवीवर उतरवली, जुनी काढली, नवी बसवली, चार पेच आवळले. बटण दाबलं. बाबूजी खाटेवरून उठून दारापर्यंत यायच्या आत पडदा उजळला. "झालं? आवाज नाही काही नाही," ते म्हणाले. मला फार अभिमान वाटला. जुनी डिस्क मी सोबत घरी नेली, स्वच्छ पुसून घेतली आणि मुलीसाठी तिच्यात कार्टून भरत राहिले.

वर्षीला, म्हणजे मायच्या वर्षश्राद्धाला, आठ दिवस उरले तेव्हा मी फोटो घ्यायला गावी गेले. बाबूजींना विचारलं, कोणता निवडला. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला.

"एक नाही निवडता आला," ते म्हणाले. "सगळ्याच चांगल्या दिसून राहिल्या होत्या तुह्या मायच्या फोटो. म्हणून तिच्या सगळ्या एका जागी ठेवलो. पोरं येतेत, खेळतेत, एखांदी पुसून टाकतीन म्हणून ढोलीत घातलो. तू काढ आता त्यातून."

मी म्हणाले, "कोणत्या ढोलीत?" आणि विचारतानाच मला कळलं. त्यांचं बोट पडद्याच्या कोपऱ्यावर गेलं होतं.

मी फोटोंचं फोल्डर उघडलं. त्यात बैल होते, बांध होते, माझी मुलगी होती, लग्नातले पाहुणे होते. माय कुठेच नव्हती. बाबूजींनी तिला एकेक करून वेचून, ओढत नेऊन, त्या टोपलीत ठेवलं होतं. ज्या फोटोत ती मागे कुठेतरी पुसट उभी होती तोसुद्धा सोडला नव्हता. हिवाळाभर दुपारी दुपारी ते हेच करत बसले होते. आणि ठेवल्यावर परत उघडून पाहिलं नाही, कारण भरलेली ढोली उगाच उघडायची नसते.

"खालीच दिसते ती," बाबूजी म्हणाले. "तू नवीन केली तईपासून खाली दिसून राहिली. मले वाटलं, तू काढून चांगल्या जागी ठेवली असशीन."

उन्हाळ्यापासून ती टोपली त्यांना रिकामी दिसत होती. तीन महिने. एकदाही त्यांनी मला फोन करून विचारलं नाही. मुलगी कॉम्प्युटरवाली आहे, तिला समजतं, एवढा माझ्यावर भरवसा.

"हो," मी म्हणाले. "काढून ठेवले आहेत. आणते."

घरी येऊन मी मुलीच्या हातातून ती जुनी डिस्क जवळजवळ हिसकावून घेतली. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस बाजारात आहे, त्याच्याकडे दिली. त्याने चार दिवस ठेवून घेतली. पाचव्या दिवशी मी गेले तर त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, इसके ऊपर बहुत कुछ भर दिया आपने. जो मिला, वो मिला." मिळालं ते एवढंच: आठ-नऊ फाइली, त्यांतली एक सोडून बाकीच्या उघडायलाच तयार नव्हत्या. एक उघडली. तिचा वरचा तिसरा हिस्सा शाबूत होता. कौलांची कड, थोडं आभाळ, आणि अगदी खाली मायचे केस, मधोमध भांग, कपाळ, टिकली. भुवयांपर्यंत माय होती. त्याखाली नुसता राखाडी रंग.

दुकानाबाहेर येऊन मी स्कूटीवर बसले आणि किल्ली फिरवायचंच सुचेना. मायच्या डोळ्यांवर मी मुलीची कार्टून भरली होती. मला त्या दिवशी स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती.

वर्षीच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. वाटेत ठरवत होते की सगळं खरं सांगायचं. पण सगळं खरं म्हणजे काय? टोपली मी खाली केली हे खरं. पण ती कचऱ्याची टोपली होती, हेही खरं. ते सांगितलं तर बाबूजींना कळणार की आपण आपल्या हाताने, एकेक करून, तिला कचऱ्यात टाकलं. चष्मा लावून, जपून जपून. ते मला सांगायचं नव्हतं. आणि त्या टोपलीला ढोली म्हणायला हो कोण म्हणालं होतं? चपला घालता घालता?

मी एवढंच सांगितलं, "बाबूजी, ढोलीतलं सगळं माझ्या हातून पुसलं गेलं. डिस्क बदलताना. तुम्हाला न विचारता मी ती खाली केली. एवढा एकच उरला आहे, तोही अर्धा."

त्यांनी भिंतीजवळच्या ढोलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ढोली खाली करताना घरच्या माणसाले इचारतेत. मायनं एवढंही नाही शिकवलं तुले?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले आणि रडू लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. माझी समजूतही घातली नाही. ते खुर्चीत बसले, आणि मी तो अर्धा फोटो कॉम्प्युटरमध्ये टाकून उघडला. त्यांनी तो पाहिला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिला. मग राखाडी भागावर बोट ठेवून सांगू लागले.

"हे अंगणातलं आहे. इथं तिचे डोळे, हसून राहिली होती पण तोंड मिटून. इथं गळ्यातली पोत वाकडी झाली होती. इथं सूप. सुपात हिरव्या मिरच्या होत्या, तांदूळ नाही. डाव्या हाताले चिंधी बांधून होती, इळा लागला होता." बोट हळूहळू खाली सरकत होतं. "अन् इथं पायाजवळ कोंबडी. तू फोटो काढला अन् ती कोंबडी उडाली, म्हणून तुही माय तुह्यावर चिडली होती."

फोटो मी काढला होता. मला यातलं काही आठवत नव्हतं, सूपसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्षी झाली. पाटावर तोच आधार कार्डाचा फोटो ठेवला, त्याला हार घातला, पाहुणे जेवून गेले. बाबूजींनी या वेळी "हे तुही माय नाही" असं म्हटलं नाही.

संध्याकाळी मी निघायच्या आधी धानाच्या खोलीत डोकावले. बाबूजी कॉम्प्युटरसमोर होते. त्यांनी माउस धरला होता, आणि तो अर्धा फोटो ते हळूहळू, कुठे धक्का लागू नये अशा बेताने, पडद्याच्या कोपऱ्याकडे ओढत नेत होते. मी पुढे झाले. हात पुढे केला आणि मागे घेतला. फोटोची एक प्रत माझ्याकडे होती, म्हणून तो जाणार नव्हता. पण ते त्यांना कुठे माहीत होतं? त्यांनी बोट उचललं. टोपलीत कागद दिसू लागले.

मागे न वळताच ते म्हणाले, "आता मले इचारल्याबिगर हात नको लावजो."

"नाही लावत," मी म्हणाले.

ती कशाची टोपली आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.